कागदाच्या मागे चला : कारखान्यातल्या सॉफ्टवेअरवाल्यांचे प्रश्न

या महिन्याच्या पत्रांत एकच तक्रार निरनिराळ्या तोंडांनी आली आहे. प्रोग्रॅमिंग येतं, पण ज्या धंद्यासाठी प्रोग्रॅम लिहायचा तो धंदा उमगत नाही. बहुतेक पत्रं कारखान्यांच्या ईआरपीवर, म्हणजे सगळ्या खात्यांचा कारभार एकत्र ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करणाऱ्यांची आहेत, म्हणून उत्तरंही तिथलीच दिली आहेत. उदाहरणांतले नग आणि रुपये हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. कायद्यातल्या मुदती मात्र खऱ्या आहेत.

प्रश्न : वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या आयटी विभागात तीन वर्षं आहे. खरेदी, स्टोअर्स, क्वालिटी, अकाउंट्स अशा सगळ्यांचे केटी (काम समजावून देण्याचे वर्ग) झाले, पीपीटी जपून ठेवल्या आहेत. तरी तिकीट (अडचणीची नोंद) आलं की कुणाला विचारायचं इथपासून सुरुवात होते. शिकायला नेमकं कुठून लागू?
– सॉफ्टवेअर अभियंता, चिंचवड

केटीत प्रत्येक खातं आपापलं काम सांगतं. तुमची तिकिटं मात्र दोन खात्यांच्या मधल्या फटीतून येतात, आणि ती फट कुणाच्याच पीपीटीत नसते. तेव्हा खातेवार शिकणं थोडं बाजूला ठेवा आणि एक कागद धरून त्याच्या मागे चला. पहिला कागद खरेदीचा घ्या, कारण एका साध्या खरेदीत तुम्ही लिहिलेली चारही खाती येतात.

मागच्या महिन्यात पैसे देऊन संपलेली एक पर्चेस ऑर्डर काढा. सरळ पार पडलेली नको, थोडी भानगड झालेली हवी. समजा ५,००० बोल्ट, १२ रुपये नग, जीएसटी १८ टक्के. पुरवठादाराचं बिल ६०,००० अधिक १०,८००, म्हणजे ७०,८०० रुपयांचं. गेटवर सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये चलन नंबर, गाडी नंबर आणि वेळ चढते. स्टोअर्समध्ये मोजणी होते आणि भरतात ४,९६०. जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, तेवढ्याचा होतो. क्वालिटीवाले तपासून ६० नग रिजेक्ट करतात आणि लाल बिनमध्ये टाकतात. वापरण्यायोग्य उरले ४,९००. बिल पास करणारा पर्चेस ऑर्डर, जीआरएन आणि बिल शेजारी ठेवतो आणि ४,९०० नगांचे ५८,८०० अधिक १०,५८४, एकूण ६९,३८४ रुपये देय धरतो. राहिलेल्या १,४१६ रुपयांची डेबिट नोट, म्हणजे पुरवठादाराच्या बिलातून कापल्याची चिठ्ठी: तुटीची ५६६.४०, रिजेक्शनची ८४९.६०.

एकाच खरेदीत नगांचे तीन आकडे झाले, आणि तिन्ही बरोबर आहेत. बिल ५,००० चं, जीआरएन ४,९६० चा, साठा ४,९०० चा. ‘क्वांटिटी’ नावाचा एकच कॉलम ठेवून तिन्ही भागवायला गेलं की तिकिटं सुरू होतात.

आता प्रत्येक टप्प्यावर थांबून तीन गोष्टी विचारा: हा कागद कोण करतो, त्याने साठा हलतो की पैसे हलतात, आणि चुकला तर उलटा कसा फिरवतात. तिसऱ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. बिल पास झाल्यावर जीआरएन रद्द करायचा असेल तर काय होतं? लाल बिनमधले ६० नग परतीच्या चलनावर बाहेर पडेपर्यंत कुणाच्या हिशेबात असतात? ते प्रत्यक्षात तुमच्या शेडमध्ये आहेत, पण प्लॅनिंगने ते धरले तर असेंब्ली लाइन अडते आणि वार्षिक मोजणीत धरले नाहीत तर रॅकवरचा ताळा बसत नाही. म्हणून रिजेक्टेड मालाला स्वतंत्र लोकेशन लागतं. ज्या सिस्टीममध्ये ते नाही तिथे स्टोअरकीपरची एक वही असतेच. ती मागून बघा.

डेबिट नोटपाशी आणखी एक खाच आहे. तुमच्या कंपनीने काढलेली डेबिट नोट ही तुमच्या आणि पुरवठादाराच्या हिशेबातली चिठ्ठी झाली. जीएसटीत विक्रीची रक्कम कमी होते ती पुरवठादाराने क्रेडिट नोट काढल्यावर. ती त्याच्या जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) मधून तुमच्या २बी (तुम्हाला मिळणाऱ्या करवजावटीचा तक्ता) मध्ये दिसायला हवी. शिवाय जो माल आलाच नाही त्याच्या कराचं क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून वजावट, घेता येत नाही. म्हणजे तुटीच्या ४० नगांवरचे ८६.४० रुपये स्टोअर्सच्या मोजणीवर ठरतात. जीआरएनच्या स्क्रीनवरचा एक आकडा कराच्या विवरणापर्यंत पोहोचतो तो असा.

क्वालिटीची तारीखही तशीच लांब जाते. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला उत्पादक असेल, तर त्याचे पैसे लेखी करारात ठरलेल्या मुदतीत, पण फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून मुदत चुकली तर तो खर्च आयकराच्या हिशेबात त्या वर्षी न धरता प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी धरला जातो. दिवस मोजायचे माल स्वीकारल्यापासून. आणि माल आल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर तो आला त्याच दिवशी स्वीकारला असं मानतात. क्वालिटीकडे लॉट २० दिवस पडून राहिला की त्याचा चटका अकाउंट्सला बसतो. तपासणीच्या स्क्रीनवर ‘हरकत कळवल्याची तारीख’ नसेल तर ती का नाही, हे विचारण्याइतकं ज्ञान आता तुमच्याकडे आलं.

एवढं सगळं एका पानाच्या तक्त्यात लिहून काढा. रोजची कामं सांभाळून एका कागदाला आठवडा लागतो. दुसरा कागद डिस्पॅचचा घ्या, तिसरा जॉबवर्कचा (बाहेरून करून घेतलेल्या कामाचा). पगाराचं खातं शेवटी. ते इतरांपासून बरंच सुटं असतं.

प्रश्न : आमची कास्टिंग्ज (ओतीव भाग) मशिनिंगसाठी बाहेर जातात. जॉबवर्कच्या रिपोर्टमध्ये कधी साठा उणे दिसतो, कधी शेकडो किलो माल जॉबवर्करकडे बाकी दिसतो. मालक म्हणतात सॉफ्टवेअर चुकतंय. कोडमध्ये चूक सापडत नाही.
– प्रोग्रॅमर, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर

कोड तपासायच्या आधी माल कुठल्या मापात जातो आणि कुठल्या मापात येतो ते बघा. फाउंड्री किलोवर विचार करते, मशीन शॉप नगावर.

धरा, ४.२ किलोची ५०० कास्टिंग्ज गेली: २,१०० किलो. मशिनिंग होऊन ४८० परत आली, आता प्रत्येकी ३.६ किलो: १,७२८ किलो. वजनाने वजाबाकी केली तर ३७२ किलो बाकी दिसतं. त्यातलं २८८ किलो बोरिंग, म्हणजे मशीनवर निघालेला चुरा. खरी बाकी २० नगांची, ८४ किलोची आहे. तुमचा ‘शेकडो किलो’चा रिपोर्ट बहुधा एवढ्यावरच उभा असेल.

यावर बरेच जण आयटम मास्टरमध्ये, म्हणजे वस्तूंच्या मूळ यादीत, ४.२ हा गुणक टाकून मोकळे होतात. ते करू नका. पॅटर्न (साचा घडवायचा नमुना) झिजतो आणि कास्टिंगचं वजन हळूहळू बदलत जातं. महिन्याअखेर तो फरक पुन्हा साठ्यात घुसतो. चलनाच्या प्रत्येक ओळीवर नगही ठेवा आणि काट्यावरचं वजनही. हिशेब नगावर चालवा, वजन पडताळणीसाठी.

उरलेल्या २० मधले समजा ८ अजून मशीनवर आहेत आणि १२ नंतर रिजेक्ट होऊन आले. इथे थांबून क्वालिटीला विचारा की रिजेक्ट कशामुळे. सातांमध्ये मशिनिंग करताना ब्लोहोल (ओतकामात हवेने राहिलेली पोकळी) उघडे पडले, तर दोष फाउंड्रीचा. पाचांचा बोअर (आतलं भोक) मोठा झाला, तर दोष जॉबवर्करचा, आणि कास्टिंगची किंमत भंगाराचे पैसे वजा करून त्याला डेबिट होते. ब्लोहोल सापडेपर्यंत झालेल्या मशिनिंगची मजुरी द्यायची की नाही हे ज्याच्या त्याच्या करारावर आहे, म्हणून तो करार बघायला मागा. ‘रिजेक्शन’ला कारणाचा कोड नसेल तर अकाउंट्सचा माणूस हे फोनवर विचारून भरतो, आणि महिन्याच्या शेवटी फोन उचलला जात नाही. बोरिंग कुणाचं, हेही विचारा. काही ठिकाणी ते परत येतं, काही ठिकाणी जॉबवर्कर ठेवून घेतो आणि मजुरीचा दर तेवढा कमी असतो.

उणे साठ्याचं कारण मात्र घड्याळात सापडेल. टेम्पो सकाळी निघतो, चलन संध्याकाळी सिस्टीममध्ये चढतं, आणि मधल्या वेळात त्यातला काही माल परत येऊन त्याची नोंद आधी होते. परतीची नोंद करताना बाहेर गेलेल्या चलनाचा नंबर सक्तीचा करा. याला कायद्याचंही कारण आहे. कच्चा माल जॉबवर्कला पाठवल्यापासून एक वर्षात परत आला नाही, किंवा तिथूनच विकला गेला नाही, तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून कर आणि व्याज भरावं लागतं. हे वय चलनवार मोजतात, आयटमवार नाही. जॉबवर्कच्या मालाचा आयटीसी-०४ फॉर्मही चलनांवरच भरला जातो: उलाढाल पाच कोटींच्या वर असेल तर सहामाही, नाहीतर वार्षिक.

प्रश्न : मी सर्व्हिस कंपनीतून क्लायंटच्या कारखान्यात जाते. तिथले लोक वेळच देत नाहीत. दिला तर ‘तुम्ही सांगा तसं करू’ म्हणतात. तासाभरात काय विचारू?
– बिझनेस अॅनालिस्ट, हिंजवडी

आधी वेळ बघा. अकाउंट्सकडे महिन्याच्या २५ तारखेपासून पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जाऊ नका. मासिक विवरणं भरणाऱ्या कंपनीत ११ तारखेला जीएसटीआर-१ असतो, १४ ला २बी येतं, २० ला ३बी, म्हणजे कर भरायचं विवरण. मग उरतात २१ ते २४ आणि मधले एखाद-दोन दिवस. डिस्पॅचवाल्यांना शिफ्टच्या शेवटच्या दोन तासांत गाठू नका. हे पाळलंत तर ‘वेळ देत नाहीत’ ही तक्रार निम्मी होईल.

‘तुमची रिक्वायरमेंट काय?’ हा प्रश्न विचारूच नका. त्यांच्याकडे रिक्वायरमेंट नसते, त्यांच्याकडे काम असतं. जाताना त्यांच्याच खात्यातले पाच कागद छापून न्या: तीन साधे, एक रद्द झालेला, एक खाडाखोड असलेला. बोट ठेवून विचारा, ‘सर, हा का रद्द झाला?’ दहा मिनिटांत जे बाहेर येतं ते तासभराच्या मीटिंगमध्ये येत नाही. पुढे असे प्रश्न: मागच्या महिन्यात सगळ्यात जास्त डोकं कशाने खाल्लं? कुणाचा फोन आला की काम थांबतं? हे सिस्टीममध्ये टाकायच्या आधी कुठे लिहिता? तुम्ही सुटीवर असाल तर काय अडतं?

तिसरा प्रश्न सोडू नका. प्रत्येक टेबलावर एक एक्सेल किंवा डायरी असते. तिच्यात तुमच्या सिस्टीमला न जमलेलं सगळं असतं: अमुक पुरवठादाराला आधी पैसे, तमुक ग्राहकाला पेटीत ४८ च नग, त्या पार्टीचा माल शनिवारी पाठवायचा नाही. फाईल मागितली तर मिळणार नाही. ‘बघू का जरा?’ म्हणून शेजारी बसा आणि कॉलमची नावं उतरवून घ्या.

मध्येच उपाय सुचवू नका. ‘हे आपण ऑटोमेट करू’ म्हटलं की समोरचा माणूस आपली नोकरी जपायला लागतो आणि पुढचं सगळं उत्तर ‘व्यवस्थित आहे’ असं येतं. व्यवस्थापकाशी बोलणं झालं की काम करणाऱ्या क्लार्कशीही बोला. दोघांच्या सांगण्यात फरक आला तर दोन्ही लिहून ठेवा आणि कोण खरं याचा निवाडा तुम्ही करू नका.

त्याच संध्याकाळी एक पान लिहून पाठवा. जिथे शंका आहे तिथेही रकाना मोकळा न ठेवता तुमची समजूत लिहा. मोकळा रकाना भरायला कुणाला सवड नसते. चुकीचं वाक्य दुरुस्त करायला माणूस जिना उतरून येतो.

प्रश्न : विक्रीचा आकडा सेल्सचा वेगळा, अकाउंट्सचा वेगळा, जीएसटीचा तिसराच. डॅशबोर्ड कुणाच्या आकड्यावर बांधू?
– डेटा इंजिनिअर, वाळूज, छत्रपती संभाजीनगर

कुणाच्याच नाही, जोवर तिघांना जोडणारा ताळमेळ तुमच्या हातात नाही. तो एकदा हाताने काढा. समजा सेल्स म्हणतं महिन्याची विक्री २ कोटी ३६ लाख. ती करासह आहे. १८ टक्के काढले की २ कोटी. यातून दरफरकाच्या क्रेडिट नोटा अडीच लाख वजा: १ कोटी ९७ लाख ५० हजार, हा जीएसटीचा आकडा. दुसऱ्या राज्यातल्या आपल्याच कारखान्याला पाठवलेला माल तीन लाखांचा, तोही वजा. बिल झालं पण गाडी गेटबाहेर पडली नाही असा माल एक लाखाचा. उरले १ कोटी ९३ लाख ५० हजार, आणि हाच अकाउंट्सचा आकडा.

आपल्याच कारखान्याला गेलेले तीन लाख ही नवख्याला हमखास चकवणारी जागा. दुसऱ्या राज्यात जीएसटी नोंदणी वेगळी असते, म्हणून तिथे माल पाठवताना कराचं बिल करावं लागतं आणि ते जीएसटीआर-१ मध्ये जातं. कंपनीच्या पुस्तकात मात्र ती विक्री नव्हे, स्वतःलाच कोण विकेल? त्याच राज्यात, त्याच नोंदणीवरच्या दुसऱ्या प्लँटला पाठवलं तर नुसतं डिलिव्हरी चलन पुरतं, आणि मग ते जीएसटीच्या आकड्यातही येत नाही.

बिल ३१ मार्चचं आणि गाडी १ एप्रिलची, हा वाद दरवर्षी होतो. पुस्तकातली विक्री मालाचा ताबा ग्राहकाकडे कधी गेला यावर ठरते, आणि ते ऑर्डरच्या अटींवर असतं: माल आमच्या गेटवर तुमचा, की तुमच्या गेटवर पोहोचल्यावर. तेव्हा बिलाची तारीख, गेटबाहेर पडल्याची तारीख आणि ग्राहकाच्या पोहोचेची तारीख असे तीन कॉलम ठेवा. डॅशबोर्डवरच्या प्रत्येक आकड्याखाली एक ओळ हवी: कर धरून की सोडून, कुठल्या तारखेवर, क्रेडिट नोटा वजा करून की नाही. आणि त्या आकड्याचा मालक कोण, म्हणजे व्याख्या बदलायची तर कुणाची सही लागेल. मालक ठरवताना भांडणं होतात. ती तुम्ही मिटवू नका. सेल्स आणि अकाउंट्सच्या प्रमुखांना एका टेबलावर बसवून वरचा ताळमेळ पुढे ठेवा.

प्रश्न : २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा आम्ही आयटम मास्टरमधला दर बदलला. नंतर जुन्या बिलांच्या क्रेडिट नोटा नव्या दराने निघाल्या. असं पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं?
– ईआरपी डेव्हलपर, अंबड, नाशिक

त्या दिवशी २८ टक्क्यांवरचे वाहनांचे बरेच सुटे भाग १८ वर आले, त्यामुळे ही चूक रकमेतही मोठी दिसते. १ लाखाच्या जुन्या बिलावर २८,००० कर होता. माल परत आल्यावर १८,००० च उलटले तर १०,००० हवेत लटकतात.

आयटम मास्टरमध्ये दर हा एक आकडा म्हणून ठेवला, तिथे गाडं अडलं. दर वेगळ्या टेबलात ‘या तारखेपासून’ अशा कॉलमसह ठेवा, आणि बिल बनताना जो दर लागला तो बिलाच्या ओळीवर कायमचा उतरवा. क्रेडिट नोटेने दर मूळ बिलाच्या ओळीवरून उचलावा, मास्टरकडे बघूच नये. मूळ बिलाचा नंबर नसलेली क्रेडिट नोट सिस्टीमने घेऊ नये. दरफरकाची एकच नोट अनेक बिलांवर निघत असेल तर दरानुसार ती फोडावी लागेल.

दर बदलाच्या सीमेवरच्या व्यवहारांसाठी कायदा तीन तारखा बघतो: माल पुरवल्याची, बिलाची, पैसे मिळाल्याची. तिन्हींपैकी दोन ज्या बाजूला पडतात त्या बाजूचा दर लागतो. माल आधी गेला, पण बिल आणि पैसे दोन्ही नंतर, तर नवा दर. माल नंतर गेला, पण बिल आणि पैसे दोन्ही आधीचे, तर जुना. एकूण सहा जोड्या होतात. सहाही टेस्ट केस म्हणून लिहा आणि उत्तरं अकाउंट्सकडून सहीनिशी घ्या. क्रेडिट नोट विवरणात दाखवायला आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत मुदत असते, म्हणजे जुने दर निदान तोवर रोज लागणार आहेत. ‘आता चालू नाही’ म्हणून ते टेबलातून पुसू नका.

प्रश्न : ऑटो कंपोनंटमध्ये सहा वर्षं ईआरपी केलं. आता वेर्ण्याच्या औषध कारखान्यात आलो आहे. जुनं ज्ञान किती चालेल?
– वाचक, मडगाव

सांगाडा चालेल: ऑर्डर, जीआरएन, तपासणी, बिल, पैसे. बाकी सवयी मोडाव्या लागतील. तिकडे माल आला की तपासणी होईपर्यंत लाइनवर उसना देण्याची पळवाट असायची. इथे बॅच क्वारंटाइनमध्ये जाते आणि क्वालिटीने सोडेपर्यंत सिस्टीमने ती कुणालाही दाखवता कामा नये. तिकडे आधी आलेलं आधी जातं, इथे आधी मुदत संपणारं आधी जातं. औषधाच्या प्रत्येक बॅचमध्ये कच्च्या मालाचा कुठला लॉट गेला हे पुढूनही आणि मागूनही काढता आलं पाहिजे, कारण बाजारातून माल परत बोलवायची वेळ आली तर हाच रिपोर्ट लागतो.

सगळ्यात मोठा फरक नोंदीत आहे. चुकीची नोंद डेटाबेसमधून थेट दुरुस्त करून देण्याची मदत इथे गुन्ह्याच्या जवळ जाते. जुनी नोंद, नवी नोंद, कोणी, कधी, का, हे सगळं राहिलं पाहिजे. अमेरिकेला निर्यात असेल तर तिथल्या २१ सीएफआर भाग ११ (इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि सह्यांचे नियम) च्या अपेक्षा आणि इथल्या सुधारित शेड्यूल एम (औषध उत्पादनाच्या पद्धतींचे नियम) च्या अपेक्षा क्वालिटी अॅश्युरन्सकडून समजून घ्या. पहिला महिना त्यांच्याच शेजारी बसा, स्टोअर्स नंतर.

प्रश्न : माझ्या टीममध्ये बारा जण आहेत. धंद्याचं सगळं एकाच जुन्या सहकाऱ्याच्या डोक्यात आहे. विकी केली, केटीची रेकॉर्डिंग्ज केली, कुणी उघडत नाही.
– टीम लीड, ठाणे

उघडणार नाहीतच, कारण ज्या क्षणी माहिती हवी असते त्या क्षणी हात कोडवर किंवा तिकिटावर असतो. माहिती तिथेच ठेवा. टेस्टचं नाव ‘टेस्ट_०४२’ असण्यापेक्षा ‘तपासणी न झालेला लॉट उत्पादनाला देता येत नाही’ असं ठेवा. कोडमधल्या प्रत्येक विचित्र अटीशेजारी दोन ओळी: कुणी मागितली, कधी, कुठल्या प्रसंगामुळे, आणि कधी काढून टाकता येईल.

जुन्या सहकाऱ्याला लिहायला बसवू नका. आठवडाभर तिकिटं दुसऱ्याने घ्यायची, त्यांनी फक्त शेजारी बसून प्रश्नांना उत्तरं द्यायची, कीबोर्डला हात लावायचा नाही. दर आठवड्याला माणूस बदला. पहिले काही आठवडे तिकिटं तुंबतील. वरच्यांना ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात कीबोर्ड पुन्हा जुन्या हाती जातो. महिन्याअखेरीला एक जण अकाउंट्समध्ये दिवसभर पाठवा. मोठ्या बदलाआधी भिंतीवर चिठ्ठ्यांचा खेळही चालतो: नारिंगी चिठ्ठीवर घडलेली गोष्ट (‘लॉट रिजेक्ट झाला’), काळाच्या क्रमाने, आणि वाद झाला तिथे गुलाबी चिठ्ठी. खात्यांची माणसं हजर नसतील तर तो खेळ करू नका. डेव्हलपरांनी आपसात लावलेल्या चिठ्ठ्या म्हणजे आपल्याच समजुतींची उजळणी.

कुणाला किती आलं ते बघायला परीक्षा नको. एक तिकीट द्या आणि विचारा, हा बदल केला तर आणखी कुठल्या चार खात्यांत काय हलेल? कोड न उघडता दोन नीट सांगता आली तर तो माणूस एकटा क्लायंटसमोर बसू शकतो.

प्रश्न : आता एआयला कोड दिला की तो व्यवसायाचे नियम काढून देतो. मग खात्यांमध्ये फिरायची गरज आहे का?
– वाचक, बंगळूर

त्याला कामाला जरूर लावा. जुन्या कोडमधल्या सगळ्या बांधीव अटींची यादी मागा: ठरावीक पुरवठादार कोड, तारखा, टक्केवाऱ्या, ‘अमुक प्लँट असेल तर’. हाताने आठवडा लागणारं काम दुपारात होतं. पण पुरवठादार क्रमांक २१७ ला तपासणीतून सूट का, हे कोडमध्ये नसतं. कधीकाळी त्याच्याकडे सेल्फ सर्टिफिकेशन असेल आणि ते संपलंही असेल. एआय अशा जागी खात्रीने एखादं पटेलसं कारण देतो, म्हणून त्या यादीत ‘कारण’ हा कॉलम त्याच्याकडून भरून घेऊ नका. यादी छापा, ज्या ओळीशी ज्या खात्याचा संबंध आहे तिथे त्याचं नाव टाका, आणि २१ तारखेनंतर ती घेऊन क्वालिटीपासून सुरुवात करा.